शेजार बदलतो, तेव्हा बाळाची पाठ घडते

रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या आज्या, मावश्या, वहिनी आणि पोरींनो, हातात काम असेल तर ते चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा. घरातल्या बाप्यांनाही हाक मारा, कारण आजचं बोलणं त्यांच्याही कामाचं आहे.

मागच्या वेळी आम्ही गटांकडून प्रश्न मागवले होते. त्यात एकच प्रश्न तीन गावांतून तीन तऱ्हांनी आला. एकीनं विचारलं, "ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळ पाठीवर गाठ घेऊन येतं का?" दुसरीनं विचारलं, "पाचव्या महिन्यात पाण्याचा हंडा उचलला, म्हणून बाळाची पाठ उघडी राहिली असं सासरचे म्हणतात, ते खरं का?" तिसरीनं मात्र एवढंच विचारलं, "तिचं काय चुकलं होतं?"

या तिन्ही प्रश्नांचं उत्तर आम्ही आज देणार आहोत. पण त्यासाठी आधी पोटात जाऊन बघावं लागेल. तेही पहिल्या चार आठवड्यांत, जेव्हा त्या बाईला स्वतःलाही काही कळलेलं नसतं.

आपण सगळ्याच एका पेशीपासून सुरू झालो. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. हे आपण शाळेत शिकलो, नाहीतर मुलांच्या पुस्तकात तरी पाहिलं. पण नुसत्या पेशी वाढत गेल्या तर काय होईल? एक गोळा होईल. आधी छोटा गोळा, मग मोठा गोळा. त्याला ना डोकं, ना पाठ, ना पाय. वाढणं वेगळं आणि घडणं वेगळं.

भाकरीचंच बघा. परातीत पिठाचा गोळा असतो आणि थापल्यावर ती ताटाएवढी होते. पीठ काही वाढलं नाही, तितकंच राहिलं. आकार तेवढा बदलला. बाळाचंही पहिल्या दिवसांत बरंचसं असंच असतं. फरक इतकाच की भाकरीला आपला हात लागतो. पोटात हात घालून थापणारं कुणी नसतं. पेशींनाच एकमेकींच्या साथीनं आकार घडवावा लागतो.

तो कसा घडवतात, हे समजायला एक खेळ सांगतो. पुढच्या बैठकीत करून बघा. सोळा जणी घ्या. आठ-आठ जणींच्या दोन रांगा शेजारी शेजारी उभ्या करा, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. आता डाव्या रांगेतल्या प्रत्येकीनं उजव्या रांगेतल्या दोघींच्या मध्ये शिरायचं. पुढच्या-मागच्यांनी थोडं सरकून तिला जागा द्यायची. झालं? दोन रांगांची एकच रांग झाली. आधीपेक्षा अरुंद आणि आधीपेक्षा दुप्पट लांब. सोळाच्या सतरा झाल्या नाहीत. कुणी ताणलं नाही, ओढलं नाही. फक्त प्रत्येकीचा शेजार बदलला. जी तुमच्या बाजूला होती ती आता तुमच्या पुढे किंवा मागे आहे. जी तुमच्या लगेच पुढे होती, तिच्या आणि तुमच्या मध्ये दुसरीच कुणी आली.

वारीत चालणाऱ्यांनी हे पाहिलेलं आहे. रुंद रस्त्यावर पसरून चालणारी दिंडी अरुंद पुलावर आली की आपोआप निमुळती होते आणि लांबत जाते. माणसं तितकीच असतात. मधल्या मधल्या जागेत माणूस शिरतो आणि दिंडी लांब होते.

अंगातल्या पेशी नेमकं हेच करतात. पण त्यांना एक अडचण असते, जी आपल्याला खेळात नव्हती. आपण हात सोडून दुसरीकडे जाऊन उभं राहू शकतो. पेशींना तसं करता येत नाही. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, भिंतीला भिंत लागून. सगळ्यांनी एकदम हात सोडले तर अस्तर फाटेल. म्हणजे चिकटूनही राहायचं आणि शेजारही बदलायचा. हे कसं जमतं?

त्यासाठी चौघी जणी उभ्या करा. एक पुढे, एक मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढची आणि मागची एकमेकींना लागून आहेत. डावी आणि उजवी मात्र एकमेकींना लागलेल्या नाहीत, कारण मध्ये त्या दोघी आहेत. आता पुढची आणि मागची यांच्यामधली भिंत हळूहळू आखूड होत जाते. होता होता तिचा एक ठिपका उरतो. त्या क्षणी चौघीही त्या एका ठिपक्यावर भेटतात. मग त्याच ठिपक्यातून नवी भिंत उघडते, पण आडव्या दिशेनं. आता डावी आणि उजवी एकमेकींना लागल्या, आणि पुढची मागची लांब गेल्या. शेजार बदलला आणि कुठंही फट पडली नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कपडे धुताना साबणाचा फेस बघा. मोठे बुडबुडे एका थरात पसरले की त्यांच्या भिंती दिसतात. बारकाईनं पाहिलं तर प्रत्येक कोपऱ्यात तीनच भिंती भेटतात. बोटानं फेस हळूच एका बाजूनं दाबा. एखादी भिंत आखूड होत नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसऱ्या दिशेची भिंत येते. पाणी सांडत नाही, फेस फुटत नाही, बुडबुडे फक्त शेजारी बदलतात. फेसाला आपण बाहेरून दाबतो. पेशी मात्र आपल्या बळानं भिंत आखूड करतात.

ते बळ कुठून येतं? आपण परकराची नाडी आवळतो तसं समजा. पेशीच्या भिंतीला आतून बारीक दोरे लागलेले असतात आणि ते ओढणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव मायोसिन. हे नाव नवं वाटलं तरी त्याच्या कामाची आपल्याला रोजची ओळख आहे. पाण्याची घागर उचलताना दंडाचा स्नायू आवळतो ना, तोही मायोसिनमुळेच आवळतो. घागर उचलणारं आणि गर्भाच्या पेशीची भिंत आवळणारं, दोन्ही एकाच घराण्यातले.

आता तुम्ही म्हणाल, हे पाहिलं कुणी? माणसाच्या पोटात इतकं बारीक पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ लहान जीवांची अंडी बघतात. त्यातलं लाडकं अंडं आहे चिलटाचं. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती बारकी, लाल डोळ्यांची चिलटं. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना फळमाशी म्हणतात, पण आपल्या कारल्याला आणि आंब्याला डंख मारून नासवते ती फळमाशी वेगळी. या चिलटाचं अंडं अर्धा मिलिमीटर लांब असतं आणि त्यातून साधारण एका दिवसात अळी बाहेर येते. एवढ्याशा वेळात, एवढ्याशा जागेत एक जीव घडतो, म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सोपं. आपल्या पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांतही या चिलटांवर अभ्यास चालतो.

अंडं घातल्यावर साधारण तीन तासांनी त्यात सहा हजारांच्या आसपास पेशी असतात. त्यातल्या पोटाकडच्या पेशींचा एक पट्टा असतो, त्यातून पुढे अळीचं धड होतं. हा पट्टा दोनेक तासांत अडीच पट लांब होतो आणि तितकाच अरुंद होतो. अंड्याचं कवच तर तेवढंच असतं. मग लांबलेला पट्टा मागच्या टोकाला वळून पाठीवर चढतो. अमेरिकेत केनेथ आयर्विन आणि एरिक वीशाउस यांनी १९९४ साली दाखवून दिलं, की ही लांबी मुख्यतः पेशी एकमेकींच्या मध्ये शिरल्यानं येते. पेशींची संख्या वाढू दिली नाही तरी पट्टा लांबतोच. पुढे २००४ साली फ्रान्समध्ये मार्सेय शहरात तोमा लक्वी यांच्या गटानं भिंत आखूड होऊन ठिपका होतो आणि मग आडवी उघडते, हे मायोसिनसकट दाखवलं. न्यूयॉर्कमध्ये जेनिफर झॅलन या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाला दिसलं, की कधी कधी चारच नव्हे तर पाच-सात किंवा त्याहून जास्त पेशीही एका ठिपक्यावर जमतात, रांगोळीतल्या फुलासारख्या, आणि मग ते फूल लांबट होऊन उलगडतं.

पण सगळ्या भिंती आखडून चालत नाहीत. आडव्या आणि उभ्या दोन्ही सारख्या आवळल्या तर पट्टा लांबणार कसा? फक्त ठरावीक दिशेच्याच भिंती आवळायच्या असतात. म्हणजे प्रत्येक पेशीला पुढं कुठलं आणि मागं कुठलं हे कळायला हवं. चिलटाच्या गर्भात पेशींना हे लुगड्यासारख्या पट्ट्यांवरून कळतं. पुढून मागे वेगवेगळी जनुकं पट्ट्यापट्ट्यांनी जागी होतात आणि आपला पट्टा कुठला, शेजारणीचा कुठला, यावरून पेशी दिशा ओळखते. हे पट्टे घडवणाऱ्या जनुकांचा शोध लावल्याबद्दल क्रिस्टिआने न्यूस्लाइन-फोलहार्ड या जर्मन शास्त्रज्ञ बाई आणि वर सांगितलेले वीशाउस, यांना एडवर्ड लुइस यांच्यासोबत १९९५ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पट्टे पुसले गेले तर पेशी जागच्या जागी राहतात आणि पट्टा आखूडच राहतो.

चिलटाला पाठीचा कणा नसतो. आपल्याला असतो. म्हणून आता बेडकाकडे जाऊ. आफ्रिकेतल्या एका नखवाल्या बेडकाची अंडी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं बघत आले आहेत. रे केलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेडकाच्या गर्भाचा पाठीकडचा एक तुकडा काढून वेगळा बशीत ठेवला. तो तुकडा बशीतही आपला आपण अरुंद आणि लांब झाला! बाहेरून ओढणारं काही नव्हतं. पेशी बाजूला बारीक हात काढतात, शेजारणीला धरतात आणि तिच्या बाजूनं आत शिरतात. म्हणजे ओढ पेशींच्या आपसातलीच असते.

आता येऊ आपल्या बाळाकडे. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या पाठीच्या जागी पेशींचा एक चपटा पट्टा तयार होतो. त्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणार असतो. सुरुवातीला हा पट्टा रुंद आणि आखूड असतो. आपण खेळात केलं तसं पेशी एकमेकींच्या मध्ये शिरतात, पट्टा अरुंद होत लांबतो. मग त्याच्या मधोमध खाच पडते. काही पेशी आपलं वरचं तोंड नाडीच्या पिशवीसारखं आवळून घेतात, त्यानं पट्टा वाकतो आणि दोन्ही कडा वर उचलल्या जातात. कडा मध्ये येऊन एकमेकींना भेटतात, चिकटतात, आणि नळी तयार होते. ही मज्जानलिका. डॉक्टर तिला न्यूरल ट्यूब म्हणतात.

दिवाळीत करंजी करताना आपण पारीच्या दोन कडा आणून दाबतो, तसंच हे. पण पारी जास्त रुंद असेल, मध्ये सारण जास्त भरलं असेल, तर कडा भेटतच नाहीत आणि करंजी उघडी राहते. बाळाचंही तसंच. पट्टा पुरेसा अरुंद झाला नाही तर दोन कडा एकमेकींपासून लांब राहतात. चिकटायची तयारी असली तरी भेटच होत नाही.

उंदरांमध्ये हे फार स्पष्ट दिसलं आहे. उंदरांच्या एका जातीत पेशींना दिशा सांगणाऱ्या एका जनुकात बिघाड असतो. आई किंवा बाप एकाकडूनच तो बिघाड आला तर पिल्लाची शेपटी नुसती वेटोळी होते. दोघांकडून आला तर जवळजवळ सगळी पाठ उघडी राहते, कारण पट्टा अरुंदच होत नाही. त्याच घराण्यातल्या जनुकांत बिघाड असलेली माणसंही डॉक्टरांना सापडली आहेत. अर्थात माणसात सगळी कारणं एकच नसतात. कधी पेशी मध्ये शिरत नाहीत, कधी कडा वर उचलल्या जात नाहीत, कधी भेटूनही चिकटत नाहीत.

वरच्या टोकाला नळी उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट होत नाहीत. असं बाळ जगू शकत नाही. खाली कमरेकडे उघडी राहिली तर बाळाच्या पाठीवर गाठ किंवा उघडी जागा दिसते, पायात बळ कमी असतं, शी-शूवर ताबा राहत नाही. डॉक्टर याला स्पायना बायफिडा म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. ही नळी मिटायला गर्भ राहिल्यापासून साधारण बाविसाव्या दिवशी सुरुवात होते. डोक्याकडचं टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटतं आणि खालचं टोक अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. तेव्हा बाळ तांदळाच्या दाण्याएवढं असतं. आणि त्या बाईचं काय? तिची पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले असतात. कुणी म्हणतं, उन्हानं झालं असेल. कुणी म्हणतं, शेतात काम जास्त झालं असेल. आशाताईंकडे जाऊन तपासणी होईपर्यंत ती नळी मिटलेली असते, नाहीतर उघडी राहिलेली असते. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मैत्रिणींनो, आता त्या तीन प्रश्नांकडे या.

पाचव्या महिन्यात हंडा उचलला, म्हणून पाठ उघडी राहिली? ती पाठ मिटायची वेळ पहिल्याच महिन्यात येऊन गेली होती. मिटलेली नळी हंड्याच्या वजनानं उघडत नाही. गरोदरपणी फार जड उचलू नये हे खरंच आहे, पण त्याची कारणं वेगळी. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून? ग्रहण आकाशात होतं आणि तेव्हा देशभर लाखो गरोदर बाया असतात. कुणी चिरतं, कुणी शिवतं, कुणी दवाखान्यात ड्युटीवर असतं. विळीचं पातं पोटातल्या पेशींच्या भिंतींपर्यंत पोचत नाही. नजर, पांढरा पाय, पूर्वजन्मीचं पाप, यांतलं काहीही त्या भिंतींपर्यंत पोचत नाही.

आणि तिसरा प्रश्न, तिचं काय चुकलं होतं? काही नाही. तिला माहीतही नसताना, तांदळाच्या दाण्यात, हजारो पेशी शेजार बदलत होत्या आणि कुठंतरी जमलं नाही. त्यात काही भाग आई-बाप दोघांकडून आलेल्या जनुकांचा असतो. काही भाग अंगातल्या कमतरतेचा असतो. मधुमेह ताब्यात नसला किंवा मिरगीची काही औषधं चालू असली तरी धोका वाढतो. गटातल्या एखाद्या बाईवर अशी वेळ आली असेल तर तिच्या दारी जाऊन हे सांगा. सासूबाईंच्या देखत सांगा, नवऱ्याच्या देखत सांगा. बाळ गमावलेल्या बाईनं वर दोषही डोक्यावर घेऊन फिरावं, हे आम्हाला मान्य नाही.

पण आधी करण्यासारखं काही आहे का? आहे, आणि ते स्वस्त आहे. त्याची गोष्ट आपल्या मुंबईतूनच सुरू होते.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत, रक्त कमी होऊन दगावत. विल्स बाईंनी त्या काय खातात हे पाहिलं, आणि निरनिराळे उपाय करून बघितले. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बाया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे छापून सांगितलं. त्या अर्कात काहीतरी होतं, पण ते काय, ते तेव्हा कळलं नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून तो पदार्थ वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. म्हणजे पानातलं सत्त्व. गिरणीतल्या आपल्या बायांच्या रक्तासाठी सुरू झालेला शोध पुढे बाळांच्या पाठीला कामी आला.

तो असा. सात देशांतल्या ३३ केंद्रांत मिळून १,८१७ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. या सगळ्यांचं आधीचं एक बाळ अशाच दोषाचं होतं. गर्भ राहण्याच्या आधीपासून ज्यांना फॉलिक अ‍ॅसिड दिलं, त्यांच्यात पुन्हा असं बाळ होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. फरक इतका स्पष्ट होता की १९९१ साली चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली आणि निकाल जाहीर केला. नंतर चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांच्या पाहणीत, पहिल्यांदाच गरोदर राहणाऱ्या बायांनाही रोजच्या छोट्या गोळीचा फायदा होतो हे दिसलं. फॉलिक अ‍ॅसिड नव्या पेशी तयार होताना लागतं. पण नळी मिटायला ते नेमकी कुठं मदत करतं, हे कोडं शास्त्रज्ञ अजून सोडवत आहेत. मदत करतं, एवढं मात्र पक्कं झालं आहे.

७२ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, हे विसरू नका. गोळी घेऊनही एखादीच्या बाबतीत असं होऊ शकतं. म्हणून उद्या "तू गोळी घेतली नसशील" म्हणून नवा दोष कुणावर ठेवू नका.

आता काय करायचं ते नीट ऐका. वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं. बाळाचा विचार सुरू झाला, की त्याच्या निदान एक महिना आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक, आणि गर्भ राहिल्यावर तीन महिने पूर्ण होईपर्यंत. गोळीसाठी आशाताईंना, एएनएम ताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. लग्न होऊन नवी सून घरात आली आणि पाळणा लांबवायचा नसेल, तर गोळी लगेचच सुरू करायला हवी. ओटी भरताना सासूबाईंनी नारळाबरोबर ही आठवणही द्यावी.

दुसरं. गोळ्यांत गोंधळ करू नका. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा मिळते ती निळी, आणि बायांना आठवड्यातून एकदा मिळते ती लाल. या लोहाच्या गोळ्या आहेत, रक्त वाढावं म्हणून. त्यात फॉलिक अ‍ॅसिड असतं, पण आठवड्यातून एकदा मिळालेलं तेवढं फॉलिक बाळाच्या पाठीसाठी पुरत नाही. त्या गोळ्या सोडायच्या नाहीत, पण बाळाचं ठरवलं की रोजची फॉलिकची गोळी वेगळी हवी. चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची लाल गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तीही चुकवू नका. ती बाईच्या आणि बाळाच्या रक्तासाठी आहे, पण पाठीची वेळ तोवर निघून गेलेली असते.

तिसरं. आधीचं बाळ असं झालं असेल, मधुमेह असेल, मिरगीच्या गोळ्या चालू असतील, तर साधी गोळी घेऊन थांबू नका. बाळाचं ठरवायच्या आधी डॉक्टरांना भेटा. अशा बायांना डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड कितीतरी जास्त देतात. १९९१ च्या चाचणीत ते रोज ४ मिलिग्रॅम होतं, म्हणजे साध्या गोळीच्या दहापट. मिरगीच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, झटका आला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. बदल करायचा तर डॉक्टरच करतील.

चौथं. ताटात मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याची भाजी, चवळी, मटकी, हरभरा, शेंगदाणे असू द्या. भाजी उकळून वरचं पाणी ओतून देऊ नका, फॉलिक त्या पाण्याबरोबर जातं. पण नुसत्या भाजीवर अवलंबून राहू नका. भाजीही हवी आणि गोळीही हवी.

पाचवं. गरोदरपणी अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी करून घ्या. पाठ आणि डोकं नीट आहे का ते त्यात बघतात. काही दिसलं तर पुढचं ठरवायला वेळ मिळतो आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करता येतं.

सहावं. बाळ पाठीवर गाठ घेऊन आलंच, तर त्यावर हळद, राख, तेल, काहीही लावू नका. स्वच्छ ओलसर कापडानं झाका, पालथं किंवा कुशीवर ठेवा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत हा दोष पहिलाच आहे, उपचारासाठी मदत मिळते. वेळेवर शस्त्रक्रिया झालेली अशी मुलं शाळेत जातात, शिकतात. कुणी आधारानं चालतात, कुणी चाकाच्या खुर्चीवरून फिरतात. अशा बाळाला घरात कोंडून ठेवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत आधी सोळा जणींचा तो खेळ खेळा, म्हणजे पोरींना न समजावताही समजेल. मग हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आपल्या गावात यंदा किती नव्या सुना आल्या. प्रत्येकीच्या घरी एक जण जाईल असं ठरवा, आणि गेल्यावर पानावर खूण करा. बाळाच्या पाठीतला प्रत्येक ठोकळा आधी शेजारणीला जागा देऊन मगच आपल्या जागी बसतो. गावातल्या नव्या सुनेलाही तशीच जागा द्या, तिच्या पहिल्या महिन्याच्या आधी.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. आम्ही वाट बघतो. नमस्कार.